ड्रायव्हर लिहायला बसण्याआधी पेज फॉल्ट असा शिका

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) पेपरात पेज फॉल्ट येतो तो एवढाच: पान (पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा) मेमरीत नाही, डिस्कवरून आणा, इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवा. खानापूर-निपाणीकडची आपली पोरं हे पाठ करतात, मार्कही पडतात. नोकरीत लिनक्सचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड) हातात आला की प्रश्न बदलतो. युजरच्या प्रोग्रामने दिलेला मेमरीचा पत्ता चुकीचा आहे आणि तो वाचतोय खुद्द कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आता?

पत्ता आधीच तपासून घ्यावा, असं पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं. पण तपासणं आणि वाचणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा थ्रेड ते पान काढून टाकू शकतो. 'अ‍ॅक्सेस_ओके' ही कर्नलमधली तपासणीसुद्धा पत्ता युजरच्या हद्दीत बसतो का, एवढंच बघतं. म्हणून कर्नल सरळ वाचायला जातो. फॉल्ट आला तर हँडलर आधी बघतो की पत्ता प्रोसेसच्या नकाशात आहे का. असेल तर पान आणून देतो, ड्रायव्हरला कळतही नाही. नसेल तर एक्सेप्शन टेबल शोधतो. फॉल्ट येऊ शकेल अशा इन्स्ट्रक्शन आणि प्रत्येकीसाठी सुटकेची जागा, अशी ही यादी कर्नल बिल्ड होतानाच बनते. यादीतही नाव नसलं की ऊप्स, म्हणजे कर्नलमधल्या चुकीचा रिपोर्ट, ठरलेला.

हे वाचून डोक्यात बसत नाही, करून बघा. क्यूएमू (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) साध्या लॅपटॉपवर चालतो. पावसाळ्यात लाईट गेली तरी बॅटरीवर काम होतं. एमएमॅपने (मेमरी मागून घेणाऱ्या सिस्टिम कॉलने) लागून दोन पानं घ्या, दुसरं मोकळं करा. पहिल्याच्या शेवटच्या 10 बाइटांपासून 16 बाइट तुमच्या ड्रायव्हरला 'राइट' करा. 'कॉपी_फ्रॉम_यूजर' (युजरचा डेटा कर्नलमध्ये आणणारं फंक्शन) 6 परत देईल: न आलेले बाइट. नवखे हाच आकडा जसाच्या तसा परत करतात आणि प्रोग्राम समजतो की 6 बाइट लिहून झाले! परत द्यायचा तो उणे ईफॉल्ट ('पत्ता चुकीचा' हा एरर कोड), म्हणजे -14. (एक्स८६ वर पेज फॉल्टचा क्रमांकही 14च, निव्वळ योगायोग.)

ऊप्स आलाच तर घाबरून रीबूट मारू नका. आरआयपीच्या (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरच्या) ओळीत फंक्शन मिळतं, सीआर2 या रजिस्टरमध्ये फसलेला पत्ता. तिथे 0x18 (म्हणजे 24) सारखा चिमुकला आकडा दिसला, तर बहुतेक वेळा पॉइंटर नल (शून्य) आहे आणि कोड स्ट्रक्चरच्या 24व्या बाइटावरचं फील्ड वाचत होता. ते फील्ड कोणतं, हे पाहोल (स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं टूल) दाखवतं.