खेळती तार की टिकाऊ तार? टेनिस रॅकेटचे गटिंग निवडताना

रॅकेटचे गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा बसवण्याचे काम, करून घ्यायला गेलेला खेळाडू बहुधा एकच प्रश्न विचारतो: यातली सर्वांत जास्त टिकणारी तार कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण तार तुटली की खर्च येतो आणि ती तुटते तीही नेमकी सामन्याच्या ऐन भरात. मात्र या प्रश्नात टिकण्याचे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. तार न तुटणे हा एक अर्थ, आणि पहिल्या दिवशी तार जशी खेळत होती तशीच ती खेळत राहणे हा दुसरा. काही तारा पहिल्या अर्थाने महिनोन्‌महिने टिकतात, पण दुसऱ्या अर्थाने पंधरा-वीस तासांच्या खेळातच संपलेल्या असतात. हा फरक लक्षात ठेवूनच निवडीला सुरुवात करावी.

पहिले काम: जुन्या तारा नीट पाहणे

नवी तार निवडण्याआधी जुनी तार कशी संपली, हे तपासावे. रॅकेटच्या मधोमध एखादी उभी तार बोटाने किंचित बाजूला सरकवली, तर ती आडव्या तारेवर जिथे टेकते तिथे एक बारीक खाच दिसते. नख फिरवले तर ती लागतेही. प्रत्येक फटक्याबरोबर उभी तार आडव्या तारेवर घासत असते, त्या घासण्याने ही खाच खोल होत जाते आणि एके दिवशी तार तिथेच तुटते. तार अशी मधोमध, खाचेपाशी तुटत असेल, तर ती झिजून तुटली असे समजावे. टिकाऊपणाचा विचार करण्याचे खरे कारण तेच.

तार चौकटीजवळ, वरच्या कडेला किंवा बाजूला तुटत असेल, तर प्रकार निराळा असतो. चेंडू मधोमध न लागता कडेला लागल्यामुळे किंवा चौकटीच्या भोकांत बसवलेले प्लॅस्टिकचे ग्रॉमेट फुटून तार थेट कडेवर घासल्यामुळे ती तुटलेली असते. अशा वेळी जाड तार घेऊन फारसे साधत नाही. ग्रॉमेट बदलावे लागतात, किंवा सराव वाढवावा लागतो.

यानंतर काळाचा हिशेब करावा. तार दोन-तीन आठवड्यांतच तुटत असेल, तर टिकाऊपणासाठी थोडा खेळ सोडून देणे रास्त आहे. तीन-चार महिने उलटूनही तार तुटत नसेल, तर टिकाऊ तार घेण्याचे काहीच कारण नाही, कारण ज्या गुणासाठी आपण मनगटाला आणि कोपराला त्रास देत आहोत तो गुण आपल्या वापरातच येत नाही. हौसेने खेळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण या दुसऱ्या गटात मोडतात, असे माझे निरीक्षण आहे. मीही त्यातलाच होतो. पॉलिएस्टरची एकच तार तुटली नाही म्हणून मी ती सात महिने वापरली आणि त्याचा अभिमानही बाळगला. चेंडू सारखे रेषेबाहेर जाऊ लागले तेव्हा मी फोरहँड सुधारत बसलो. दोष तारेत होता हे कोपर दुखू लागल्यावर ध्यानात आले.

तार कशाची घ्यावी

सर्वांत मोठा फरक तारेच्या द्रव्याने पडतो. जाडी आणि ताण यांचा विचार त्यानंतर करावा.

नैसर्गिक गट ही गाईच्या आतड्यापासून बनवलेली तार. फ्रान्समधील ल्यों शहरात बाबोला कंपनीने टेनिससाठी आतड्याची तार 1875 मध्ये बनवली आणि तेव्हापासून आजपर्यंत खेळण्याच्या बाबतीत तिच्या तोडीचे कृत्रिम द्रव्य सापडलेले नाही, असे म्हणायला हरकत नाही. ती चेंडू लागताच सहज दबते, घेतलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत करते आणि आपला ताण इतर कोणत्याही तारेपेक्षा अधिक काळ धरून ठेवते. म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या अर्थाने पाहिले, तर हीच सर्वांत टिकाऊ तार ठरते. मात्र ती महाग असते, पाण्याला आणि दमटपणाला भिते, आणि टॉपस्पिनचे, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारे, जोरदार फटके मारणाऱ्याच्या हातात तिचे तंतू लवकर सुटू लागतात.

मल्टिफिलामेंट म्हणजे नायलॉनचे शेकडो अतिशय बारीक तंतू एकत्र वळून, रेझिनने बांधून केलेली तार. नैसर्गिक गटचा मऊपणा कमी किमतीत मिळावा हा तिचा हेतू, आणि तो बऱ्याच अंशी साधतो. कोपराचे दुखणे असलेल्यांनी आणि सावकाश, लांब स्विंगने खेळणाऱ्यांनी आधी हीच तार वापरून पाहावी. तुटण्याआधी ती दोरासारखी पिंजारते, त्यामुळे आगाऊ सूचना मिळते.

सिंथेटिक गट या नावाने विकली जाणारी तार नायलॉनचीच, पण तिच्या मध्यभागी एकच भरीव गाभा असतो आणि त्याभोवती बारीक तंतूंचे वेष्टण असते. तिच्याविषयी कोणी भरभरून बोलत नाही, तरी स्वस्त, मध्यम मऊ आणि मध्यम टिकाऊ अशी ही तार नवशिक्यासाठी पुरेशी असते. काय घ्यावे हे मुळीच कळत नसेल, तर पहिले गटिंग याच तारेचे करून घ्यावे. पुढची प्रत्येक तुलना तिच्याशी करता येते.

पॉलिएस्टरविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दलच आहेत. 1997 मध्ये जागतिक क्रमवारीत 66व्या स्थानावर असलेल्या ब्राझीलच्या गुस्तावो कुर्तेनने लक्सिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर तारांनी खेळून फ्रेंच ओपन जिंकली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत व्यावसायिक टेनिसचा चेहराच बदलला. पॉलिएस्टरची तार कडक आणि गुळगुळीत असते. टॉपस्पिनचा फटका मारताना उभ्या तारा आडव्या तारांवरून बाजूला सरकतात आणि चेंडू तारांवर असतानाच झटक्याने जागेवर परत येतात. हा परतीचा झटका चेंडूला जादा फिरकी देतो. नायलॉनच्या तारा एकमेकींना चिकटून अडतात, सरकल्या तर तशाच राहतात, आणि म्हणूनच दोन गुणांच्या मध्ये खेळाडू बोटांनी तारा सरळ करताना दिसतात. तारा सरकण्यात किती ताकद आहे हे 1977 मध्येच दिसले होते. दुहेरी तारांची विचित्र जोडणी केलेली ‘स्पगेटी’ रॅकेट घेऊन रोमानियाच्या इली नस्तासेने अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलासची क्ले (मातीच्या) कोर्टवरील 53 सामन्यांची विजयमालिका खंडित केली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने अशा जोडणीवर बंदी घातली.

पॉलिएस्टरमुळे खाच हळू पडते, म्हणून ती तुटत नाही. पण तिचा ताण भराभर उतरतो, काही तासांच्या खेळानंतर तारा परत जागेवर येईनाशा होतात, आणि मेलेली तार धक्का तसाच हाताकडे पाठवते. व्यावसायिक खेळाडू ती तुटण्याआधीच, बहुधा प्रत्येक सामन्याला, कापून टाकतात. तिची ख्याती त्या ताज्या तारेची आहे. ज्याचा स्विंग वेगवान आहे आणि जो ती वरचेवर बदलू शकतो, त्यानेच पूर्ण रॅकेटला पॉलिएस्टर बसवावी. वाढत्या वयातील मुलांच्या रॅकेटला ती बसवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

केवलार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची तार सर्वांत कडक आणि सर्वांत न तुटणारी. इतर सर्व उपाय थकल्यावर, आणि तीही फक्त उभ्या तारांसाठी, तिचा विचार करावा.

दोन तारांची जोडी

खेळ आणि टिकाऊपणा दोन्ही हवे असतील, तर उभ्या तारा एका द्रव्याच्या आणि आडव्या दुसऱ्या, असे हायब्रिड गटिंग करता येते. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: रॅकेटचा स्वभाव मुख्यतः उभ्या तारा ठरवतात, आणि तुटतातही बहुधा त्याच. रॉजर फेडररने कारकिर्दीचा मोठा भाग उभ्या तारा नैसर्गिक गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या ठेवून खेळला. त्यातून त्याला गटची उसळी मिळे आणि पॉलिएस्टरचा गुळगुळीतपणा उभ्या तारांना सरकू देई. ज्याच्या तारा खरोखरच वरचेवर तुटतात अशा हौशी खेळाडूने उलट जोडी करावी, म्हणजे उभ्या तारा पॉलिएस्टरच्या आणि आडव्या सिंथेटिक गटच्या किंवा मल्टिफिलामेंटच्या घ्याव्यात. पूर्ण पॉलिएस्टरपेक्षा ही जोडी हाताला बरीच मवाळ लागते. मऊ उभ्या तारांबरोबर आडवी पॉलिएस्टर घेताना ती गोल आणि गुळगुळीत असावी. कंगोऱ्यांची तार मऊ तारेला करवतीसारखी कापते.

जाडी आणि विणकाम

तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा वाढला की तार बारीक होते, याचा नवख्यांना हमखास गोंधळ होतो. 16 गेजची तार साधारण 1.30 मिलिमीटर, 17 गेजची 1.20 ते 1.25 मिलिमीटर, तर 18 गेजची सुमारे 1.15 मिलिमीटर जाड असते. बारीक तार चेंडूत अधिक रुतते आणि फटक्याची जाणीव स्पष्ट देते, पण लवकर तुटते. जुनी तार तुटतच नसेल तर त्याच तारेची एक गेज बारीक आवृत्ती घेणे हा खेळ सुधारण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. तार लवकर तुटत असेल तर द्रव्य बदलण्याआधी एक गेज जाड तार घेऊन पाहावी.

याबरोबरच रॅकेटवर छापलेले विणकामही पाहावे. 16 उभ्या आणि 19 आडव्या तारांच्या रॅकेटमध्ये चौकोन मोठे असतात, तारा जास्त सरकतात, फिरकी जास्त मिळते आणि तारा लवकर झिजतात. 18 उभ्या आणि 20 आडव्या तारांच्या दाट विणकामात तीच तार जास्त दिवस जाते, त्यामुळे अशा रॅकेटसाठी मऊ किंवा बारीक तार निर्धास्तपणे घ्यावी.

ताण किती ठेवावा

चौकटीवर ताणाची मर्यादा पाउंडात छापलेली असते, उदाहरणार्थ 50 ते 60. पहिल्यांदा तिच्या मध्यापासून सुरुवात करावी. ताण कमी केला की चेंडू जास्त लांब जातो आणि हाताला आराम वाटतो. वाढवला की चेंडू आखूड पडतो आणि जोरात मारणाऱ्याला तो आवरणे सोपे जाते. नायलॉनवरून पॉलिएस्टरकडे जाताना ताण दोन ते चार पाउंडांनी उतरवावा, कारण ती तार मुळातच कडक असते. बदल नेहमी दोन पाउंडांचा करावा. त्याहून लहान फरक पुष्कळांना जाणवत नाही आणि मोठ्या बदलाने नेमके काय बिघडले ते कळत नाही.

कोणतीही तार बसवल्याबरोबर थोडा ताण गमावतेच, आणि तोही पहिल्या दिवसात सर्वांत वेगाने. म्हणून नव्या गटिंगविषयी पहिल्या अर्ध्या तासात मत बनवू नये. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या रॅकेटचा ताण आणखी उतरतो, हेही विसरू नये.

पारख आणि बदल

एका वेळी द्रव्य, जाडी किंवा ताण यांपैकी एकच गोष्ट बदलावी. गटिंगची तारीख, तार आणि ताण एका चिकटपट्टीवर लिहून ती रॅकेटच्या मानेवर आतल्या बाजूने लावावी. दोन महिन्यांनी आपल्या आठवणीपेक्षा ती पट्टी अधिक खरी असते. नेहमीच्याच फटक्याने चेंडू लांब जाऊ लागणे, आवाज बोदा होणे, पॉलिएस्टरच्या तारा जागेवर परत न येणे किंवा कोपरात ठणका लागणे ही तार संपल्याची लक्षणे आहेत. आठवड्यातून जितक्या वेळा खेळतो तितक्या वेळा वर्षातून गटिंग करावे, असा एक जुना ठोकताळा आहे. नायलॉनसाठी तो ठीक आहे. पॉलिएस्टरसाठी तो फारच उदार आहे.

नैसर्गिक गट किंवा मल्टिफिलामेंट वापरणाऱ्याने तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथे बसवायचे प्लॅस्टिकचे बारीक तुकडे मधल्या भागात घालून पाहावेत. त्यांनी घासणे कमी होते आणि तारेचे आयुष्य वाढते, मात्र तारांचे सरकणेही काहीसे कमी होते. हातावरचा धक्का कमी व्हावा म्हणून लावला जाणारा रबरी डॅम्पनर मुख्यतः आवाज बदलतो. कोपर दुखत असल्यास त्यावर विसंबू नये.

एक तार तुटली की उरलेल्या तारा तशाच ठेवून रॅकेट पिशवीत टाकू नये, कारण एका बाजूचा ताण गेल्यावर चौकट वाकण्याचा धोका असतो. मधल्या तारांपासून सुरुवात करून, उभी आणि आडवी तार आळीपाळीने कापत, कडेपर्यंत जावे. कापताना खाच पडलेला मधला तुकडा बाजूला काढावा आणि पुढच्या गटिंगच्या वेळी तो गटिंग करणाऱ्याला दाखवावा. आपल्या खेळाचे वर्णन आपण शब्दांत करण्यापेक्षा त्या तुकड्यावरून त्याला अधिक कळते.