वाचा गेलेल्या रुग्णाचा जप, तीर्थ आणि होकार

पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेत, स्पीच थेरपी असते ती जे सांगायचं राहिलंय ते सांगता यावं म्हणून. उच्चार सुधारणं दुय्यम. देवाधर्माचंही त्यातच आलं. ते मुलाला-सुनेला विचारून ठरवू नका, रुग्णालाच विचारा.

आधी चष्मा आणि श्रवणयंत्र लावलंय ना, ते बघा. मग 'हो' आणि 'नाही'च्या खुणा पक्क्या करा: डोळे घट्ट मिटले की हो, बोट हललं की नाही. ज्यांची उत्तरं ठाऊक आहेत असे पाच-सहा प्रश्न उलटसुलट विचारून खात्री करा. त्यानंतरच "आरती लावू?", "गुरुजींना बोलावू?" एका वेळी एकच प्रश्न, आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प. नाहीतर घरचेच उत्तर देऊन मोकळे होतात.

बोट किंवा नजरेनं दाखवून सांगता यावं म्हणून शब्दांच्या चौकोनांचा तक्ता करतात. बडोद्यात तो करताना एक मेख आहे. घरात मराठी, पण शाळा गुजराती, अशी माणसं पुष्कळ. पेपर कोणत्या लिपीत वाचत, ते विचारा आणि त्याच लिपीत मोठ्या अक्षरात लिहा. आया गुजराती असेल तर तिच्यासाठी खाली गुजरातीतही. आठ चौकोन पुरे: जप, आरती, भीती वाटते, माफी मागायची आहे, कुणाला तरी बोलवा, हात धरा, एकटं राहू द्या, यातलं काही नाही. शेवटचा चौकोन घालायचा हटकून राहून जातो. देव न मानणाऱ्याचं त्यावाचून अडतं.

अफेझियात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवते तेव्हा, साधं वाक्य जमत नसलं तरी पाठ असलेलं स्तोत्र कधीकधी सुरात बाहेर पडतं. पहिला शब्द म्हणा आणि थांबा. मात्र त्यावरून बोलणं परतलं असं समजू नका. धाप लागत असेल तर एका श्वासाला एकच नाम.

खरा धोका तीर्थात. पाणी घशातून झरकन उतरतं, श्वासनलिका वेळेत मिटत नाही आणि ते फुप्फुसात जातं. गुंगीतल्या रुग्णाच्या तोंडात पळी रिकामी करू नका. स्पंजची काडी बुडवून नीट पिळा आणि ओठ, जिभेचा शेंडा ओला करा. तुळशीचं पान टाळूला चिकटतं, म्हणून ते हातात द्या. गिळायची परवानगी असेल तर रुग्णाला ताठ बसवा, तीर्थ थेरपिस्टनं सांगितलं तितकं दाट करूनच द्या आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. आवाज ओला, घोगरा झाला की थांबा. खोकला आला नाही म्हणजे नीट गिळलं, असंही नाही.

धोका समजूनही रुग्णाला घोटभर हवंच असेल, तर डॉक्टरांशी बोलून तसं फाइलमध्ये लिहून घ्या, म्हणजे रात्रपाळीची नर्स अडवणार नाही.