पाचारण ओळखायचं कसं

"देवाने माझ्यासाठी काय ठरवलंय?" हा प्रश्न घेऊन महिनोन्‌महिने प्रार्थना चालते, उत्तर ऐकू येत नाही आणि माणूस खट्टू होतो. खरं तर पाचारणाचा, म्हणजे देवाने आपल्याला ज्यासाठी बोलावलंय त्याचा, मोठा भाग पवित्र शास्त्रात उघड लिहिलेला आहे आणि तो सगळ्यांना सारखाच आहे: देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करणं (मत्तय २२:३७-३९), न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं, देवासमोर नम्रपणे चालणं (मीखा ६:८). शोधायचं उरतं ते एवढंच, की हे मी कोणत्या कामातून करायचं. ते बसल्या जागी सहसा कळत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त वाचनाला द्या. रोमकरांस १२, करिंथकरांस पहिलं पत्र १२, इफिसकरांस ४:१-१६ आणि पेत्राचं पहिलं पत्र ४:७-११. एकेका उताऱ्याला तीन दिवस, रोज तोच उतारा. रोमकरांसमध्ये क्रम बघा. आधी स्वतःला अर्पण करणं, मग मनाचं नवं होणं, त्यानंतर देवाची इच्छा समजून घेणं आणि मग कृपादानांची, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेल्या देणग्यांची, यादी. लोक थेट यादीवर उडी मारतात आणि तिथेही उपदेश, शिक्षण असली चारचौघांत दिसणारी दानंच शोधतात. औदार्याने देणं आणि आनंदाने दया करणं त्याच यादीत आहे.

यिर्मया २९:११, म्हणजे 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' हे देवाचं आश्वासन, एकटं काढून वाचू नका. ते बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. आधीच्याच वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत आणि पाचव्या वचनात घरं बांधा, मळे लावा असं आहे. तुमची पुढच्या वर्षाची नोकरी त्यात शोधणं म्हणजे वचनावर जबरदस्ती आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून रोज रात्री पंधरा मिनिटांची उजळणी सुरू करा. येशूसंघाचे संस्थापक, सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेतली ही पद्धत आहे. आभार मानायचे, प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा मागायची. मग वहीत दोनच ओळी: आज कशाने देवाजवळ गेल्यासारखं वाटलं आणि कशाने दुरावल्यासारखं. "सभेत बोललो, वाहवा झाली, घरी आल्यावर कोरडं वाटलं." "शेजारच्या मुलाला गणित समजावलं, दमलो, पण मन हलकं." एवढं पुरे. त्या क्षणाच्या मजेपेक्षा नंतर मनात काय उरतं, ते लिहायचं. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत जखमी होऊन अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियसना हेच उमगलं होतं. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण मागे कोरडेपणा राहायचा. संतांचं अनुकरण करण्याच्या विचाराने आलेलं समाधान मात्र टिकायचं. सहा आठवडे सलग लिहा आणि मग सगळं एका बैठकीत वाचा. जे तीन-चारदा आलंय, त्याच्याखाली रेघ मारा.

आता ते करून बघा. एकच काम, आठवड्याला दोन-तीन तास, तीन महिने, कुणाच्या तरी देखरेखीखाली. आजाऱ्यांच्या भेटी, मुलांची शिकवणी, हिशेब, जे वहीतून पुढे आलं ते. गरज दिसली म्हणजे पाचारण झालं, असं होत नाही. गरजा कधीच संपत नाहीत आणि प्रत्येक गरजेला 'हो' म्हणणारे आधी थकतात, मग कडवट होतात.

तीन महिन्यांनी तिघांना विचारा: सोबत काम करणारा एक, पाळक किंवा विश्वासात मुरलेलं वडीलधारं एक, आणि तोंडावर 'नाही' म्हणू शकणारं एक. "मी हे करू का?" असं विचारलंत तर शुभेच्छा मिळतील. "माझ्या कामाने कुणाचं काय भलं झालं, नेमकं सांगा" असं विचारा. अंत्युखियाच्या मंडळीत बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) आधीच सेवा करत होते. त्यांना खास कामासाठी वेगळं काढण्याची आज्ञा मंडळी उपास-प्रार्थनेत असताना आली (प्रेषितांची कृत्ये १३:१-३).

चिन्ह मागण्याचा मोह टाळा. इस्राएलचा पुढारी गिदोन याने खूण मागायला, दंवाने ओली होते का बघायला, लोकर ठेवली तेव्हा देवाची आज्ञा त्याला मिळालेलीच होती. ते त्याच्या शंकेचं लक्षण होतं. पारसाच्या राजाच्या चाकरीत असताना यरुशलेमचा पडका तट बांधायला निघालेल्या नहेम्याकडून शिका. किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे साधारण चार महिने त्याने प्रार्थना केली आणि राजाने विचारलं तेव्हा किती काळ लागेल, कोणती पत्रं हवीत, लाकूड कुठून मिळेल, सगळं त्याच्या जिभेवर होतं. म्हणून प्रार्थनेबरोबर खर्च, शिक्षण, घरच्यांची जबाबदारी कागदावर मांडा. त्यासाठी नोकरी सोडावीच लागते असं नाही. पौल करिंथात तंबू शिवत होता.

ठरवलं की फेरविचाराची तारीख सहा महिन्यांनंतरची ठेवा. मन उदास, प्रार्थना कोरडी असेल त्या दिवसांत आधीचा निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियस यांचा नियम काटेकोर पाळा. त्या काळात प्रार्थना थोडी वाढवायची आणि कुणाजवळ तरी मोकळेपणाने बोलायचं.

आणि कुणी येऊन "तुझ्याविषयी देवाने मला दर्शन दिलंय" म्हणालं, तर ऐकून घ्या, वहीत लिहा आणि त्या दर्शनालाही हीच तीन महिन्यांची आणि तिघांची कसोटी लावा. आजच होकार हवा, असा आग्रह धरणाऱ्याला नम्रपणे थांबवा.