इराणमध्ये लोकांच्या घरी राहणार असाल तर या चुका टाळा

काशान, इस्फहान, यझ्द, शिराज असा बॅकपॅक घेऊन फिरायचा प्लॅन असेल तर पहिली चूक घरबसल्याच होते, जुनी माहिती वाचून निघणं. फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने जाणाऱ्या भारतीयांना १५ दिवस व्हिसा लागत नव्हता, ती सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून बंद झालीये. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघा, जाऊ नका म्हणत असतील तर खरंच थांबा, ती शहरं कुठे जात नाहीत.

पैसे. आपलं कार्ड तिथे चालत नाही, सगळा खर्च डॉलर नाहीतर युरोच्या कॅशमध्ये न्यायचा. नोटेवर रियाल असतं पण लोक तोमानमध्ये बोलतात, १ तोमान म्हणजे १० रियाल, त्यामुळे प्रत्येक वेळी "तोमान की रियाल?" विचाराच नाहीतर दहापट देऊन बसाल. फारसी आकड्यात शून्य म्हणजे नुसता टिंब आणि पत्त्यातल्या उलट्या बदामासारखा दिसतो तो पाच, हे आधीच घोकून ठेवा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती तारोफमध्ये, म्हणजे वरवर नको नको म्हणायच्या इराणी शिष्टाचारात. टॅक्सीवाला पैसे विचारले की "गाबेल नदारे" म्हणतो, म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत, आणि आपण खूश होऊन थँक्यू म्हणून उतरलो तर तो बिचारा बघतच राहतो. ते फुकट नाहीये हो, रीत आहे बोलायची. दोन तीनदा आग्रह करून पैसे द्यायचेच. घरी राहायला बोलावलं तरी तसंच, दोनदा नको म्हणा, तरी मनापासून धरून बसले तर जा, आणि जाताना मिठाई किंवा सुकामेवा न्या.

यझ्दला ज्या घरी मी राहिले तिथे जमिनीवर सोफ्रे, म्हणजे जेवण मांडायचं कापड, अंथरलेलं (त्यावर पाय देऊ नका), आजींनी भाताची कुरकुरीत खरपुडी, तहदीग म्हणतात तिला, पहिली माझ्या ताटात वाढली. पोट भरलं तरी त्या वाढतच होत्या, मी ताटावर हात धरून "खूप झालं, खूप" म्हणतेय, आणि फारसीत खूब म्हणजे चांगलं! म्हणून अजून एक डाव. "सीर शोदम" म्हणायचं, पोट भरलं. आणि उठताना "दस्ते शोमा दर्द नकोने", तुमचे हात न दुखोत, हे ऐकून आजींचा चेहरा जो फुलला तो मला अजून दिसतो.

नवरोजला, म्हणजे २१ मार्चच्या आसपास दोन आठवडे, अख्खा देश फिरायला निघतो, तेव्हा जागा आधी ठरवा. शुक्रवारी बाजार बंद.

आणि यजमानांचे फोटो, नाव, पत्ता ऑनलाईन टाकू नका प्लीज. परदेशी पाहुणा ठेवला म्हणून त्यांची चौकशी होऊ शकते, घरात बायका डोक्यावर काही न घेता बसलेल्या असतात तो फोटो तर काढायचाच नाही, त्यांनी स्वतः हो म्हटलं तरी.