ओआरएस उलटून पडतंय? पेला नको, चमचा घ्या

सौंदत्तीची यात्रा असो की निपाणीकडचा मे महिना, जुलाब-उलट्या लागलेलं लेकरू ओआरएसचा (जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याचा) पेला घटाघटा पितं आणि लगेच सगळं बाहेर काढतं. मग घरातले म्हणतात, ‘याला सोसत नाही.’ सोसतं, पण चमच्यानं.

१. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण फोडून एक लिटर पाण्यात मिसळा. माप नसेल तर स्टँडवरची लिटरची सीलबंद बाटली पातेल्यात ओता. छोटी पाकिटं २०० मिलीची असतात, वाचून बघा. पाकीट नसेल तर आशाताईंकडे मागा, फुकट मिळतं.
२. उलटीनंतर १० मिनिटं थांबा. मग दर दोन-तीन मिनिटांनी एकच चमचा. कंटाळवाणं काम आहे, आजीकडे सोपवा. एवढा धीर घरात दुसऱ्या कुणाला नसतो.
३. अंगावरचं दूध बंद करू नका. उरलेलं ओआरएस २४ तासांनी ओतून टाका.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा तास लघवी नाही, मूल पेंगतंय, पिईना, शीतून रक्त जातंय किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसते, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. शुद्धीत असून गिळत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवा.