एसी बसवायच्या आधी: पंप, वायर, उतार आणि पुन्हा पंप

एसीचा डबा घरी यायच्या आधी फिटरला फोन लावा आणि एकच विचारा: पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप सोबत आणणार ना? गेल्या वेळी बाकी सगळं आठवणीने केलं, हेच राहिलं. जमलं तर पाडव्याच्या आत उरका. मे तोंडावर आला की फिटरला दिवसात पाच-सहा घरं उरकायची असतात, आणि गाडीवर आणायला जड म्हणून पंपच आधी दुकानात राहतो.

आता वायर. दीड टनाला मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या, तांब्याची ४ चौरस मिमी, वर २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. पंख्याच्या बोर्डातून जोड नको, प्लग वितळतो. अर्थिंग तपासा. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो, म्हणून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. संध्याकाळी व्होल्टेज किती उतरतं ते मोजा. मशीनवर लिहिलेल्या मर्यादेखाली जात असेल तर स्टॅबिलायझर घ्या, नसेल तर पैसे वाचवा.

आउटडोअरची जागा मात्र शांतपणे ठरवा. एसी थंडी बनवत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर ४३ अंश असताना ती टाकायची तर आउटडोअरच्या जाळीतला गॅस त्याहून बराच तापलेला लागतो, आणि हवा जितकी गरम तितकं कॉम्प्रेसरला ओझं. त्यामुळे पश्चिमेची भिंत टाळा, उत्तर किंवा पूर्व बघा. मागे वीतभर जागा, समोर मोकळं. दोन भिंतींच्या बोळात बसवला तर स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतो. वर पत्रा टाकायचा तर उंच टाका. बोअरच्या पाण्याने जाळी रोज भिजवू नका, क्षार बसतो.

पाइप आणि एसीचं पाणी ज्यातून बाहेर जातं ते भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला बोटभर उतरतं पाडायला सांगा. इथे फसगत अशी की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एसीतून पाणी फारसं पडतच नाही. चूक कळते ती जुलैत, रंग फुगल्यावर. म्हणून बसवायच्या दिवशीच इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर येतं का बघा.

पाइप तांब्याचाच घ्या, दोन्ही नळ्यांना वेगवेगळा फोम हवा. तोंडावरची टोपणं जोडणीच्या क्षणापर्यंत काढू द्यायची नाहीत, धूळ आत गेली की बारीक नळीत अडकते.

आणि आता पंप. नवीन मशीनमधला गॅस आउटडोअरमध्ये कोंडलेला असतो, पाइपात आणि इनडोअरमध्ये साधी हवा असते. ती पंपाने काढायची: किमान वीस मिनिटं, गेजचा काटा उणे ३० इंचापर्यंत. मग गेजचा कॉक बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा परत चढला तर फ्लेअर नट, म्हणजे पाइप जोडणारा नट, गळतोय. फिटर म्हणेल, “नव्याला लागत नाही, थोडा गॅस सोडून हवा काढतो.” ऐकू नका. आर-३२ पेट घेणारा गॅस आहे, तो ग्रॅमवर मोजून भरलेला असतो, आणि असा सोडल्याने पाइपातली ओल जात नाही. ओल तेलात मिसळून आम्ल होतं, ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं. उरलेली हवा दाब वाढवते, बिलही. पंप नसेल तर ॲलन की, म्हणजे आउटडोअरचा व्हॉल्व्ह उघडायची षटकोनी चावी, लावू देऊ नका. व्हॉल्व्ह उघडला की गॅस पाइपात गेला, मग पंप आणून काही उपयोग नाही. उद्या या म्हणावं. एक रात्र कूलरवर काढली तर बिघडत नाही.

पुढचं पटकन. नटांवर साबणाचा फेस लावून बघा. रिमोट २४ वर ठेवा. एसी चालू असताना कूलर बंदच, नाहीतर कूलर ओल घालतो आणि एसी तीच काढण्यात वीज घालवतो. इनडोअरची फिल्टरची जाळी पंधरा दिवसांनी धुवा, धुळीचे दिवस असतील तर आधीच. वॉरंटी कार्डावर सही, तारीख.

फिटर दारात आला की आधी हातात पंप आहे का बघा, मग चहा टाका.