गेटवर बायोडाटा द्यायला निघण्याआधी

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत काम शोधताना एकाच बायोडाटाच्या पन्नास झेरॉक्स काढून गेटोगेट वाटत सुटू नका. तो गठ्ठा बऱ्याचदा वॉचमनच्या टेबलावरच राहतो. त्यापेक्षा पाचच कंपन्या धरा, आत काय बनतं ते चहाच्या टपरीवर विचारा (शिफ्ट सुटताना सगळं कळतं) आणि पहिली ओळ तशी बदला. ‘मेहनती व प्रामाणिक’ सगळेच लिहितात. ‘आयटीआय फिटर, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरता येतो’ असं लिहिलं तर सुपरवायझर निदान थांबून वाचतो. मग या मोजमापाच्या साधनांचा लीस्ट काउंट (म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) विचारला जाणार हे धरूनच चला. नेहमीच्या व्हर्नियरचा ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१. नुसतं पाठ करू नका, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन दोन-चार बोल्ट पुन्हा मोजून या.

आधार, मार्कशीट आणि पासबुकावरचं नाव जुळतंय का तेही बघा. वडिलांच्या नावापुढचा एक ‘राव’ मार्कशीटवर नव्हता, तेवढ्यापायी माझं रुजू होणं आठवडाभर लांबलं. शेतात रेंज नसेल तर बायोडाटावर घरातला दुसरा नंबरही टाका.